रोस्टशेजारचा बटाटा

जिना उतरताना पाठमोरे उतरावे लागावे, अशी वेळ लंडनच्या विल्यम बँटिंग ह्या गृहस्थांवर आली होती. वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधणे जमत नसे. गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून जिन्याकडे तोंड करून सावकाश एकेक पायरी खाली यावे लागे. बँटिंग घराण्याचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. राजघराण्यातील अंत्यसंस्कार त्यांच्याकडे असत. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची प्रचंड अंत्ययात्राही ह्याच पेढीने सिद्ध केली होती. दुसऱ्यांच्या शवपेट्यांची मापे घेण्यात आयुष्य गेलेल्या ह्या माणसाला स्वतःच्या देहाचे माप मात्र आवरेना.

उपाय त्यांनी पुष्कळ केले होते. नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. तुर्की स्नाने झाली, औषधी पाण्याची ठिकाणे झाली. शेवटी कानाने कमी ऐकू येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वी ह्या कानाच्या शल्यवैद्याकडे गेले. हार्वी ह्यांनी पॅरिसला क्लोद बर्नार्ड ह्या थोर शास्त्रज्ञाची यकृत आणि साखर ह्यांविषयीची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी कान तपासला आणि पथ्य सांगितले ते पोटाचे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा, एवढे वर्ज्य. मासे, मांस, पक्षी आणि बटाटा सोडून कोणतीही भाजी चालेल. पुडिंग समोर आलेच, तर त्यातले फळ तेवढे वेचून घ्यावे, बाकीचे तसेच ठेवावे. सोबत क्लॅरेट किंवा शेरीचे दोन-तीन पेले घेण्यास मात्र हरकत नव्हती! वर्षभरात बँटिंग ह्यांचे ४६ पौंड वजन उतरले. १८६३ साली त्यांनी ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही छोटीशी पुस्तिका स्वखर्चाने छापून फुकट वाटली. पुढे तिच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाली, आणि इंग्रजीत ‘बँट करणे’ म्हणजे वजन उतरवण्यासाठी पथ्य करणे, असे क्रियापदच रूढ झाले. इंग्रजांनी ते पुढे टाकून दिले. स्वीडनच्या भाषेत ‘बांता’ हा शब्द त्याच अर्थाने आजही चालतो.

आज आपण ज्याला कमी पिष्टमय आहार म्हणतो, त्याची ही पहिली लोकप्रिय पुस्तिका. पण माझे लक्ष वेधून घेतले ते तिच्यातल्या वर्ज्य पदार्थांनी. मांसाला हात न लावता मांसाशेजारचे सारे काही हार्वी ह्यांनी बँटिंग ह्यांच्या ताटातून उचलून घेतले होते. इंग्रज माणसाला हे किती जड गेले असेल, ते कळण्यासाठी त्याचे रविवारचे ताट कसे घडले हे थोडे पाहावे लागेल.

रविवारच्या उपासनेनंतर एकत्र बसून भाजलेले मांस खाण्याची इंग्रजांची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. गाय, मेंढी, डुक्कर किंवा कोंबडी, ह्यांपैकी जे परवडेल त्याचा एक मोठा तुकडा विस्तवावर किंवा भट्टीत सावकाश भाजायचा. त्याच्या भोवती मात्र बराच गोतावळा असतो. मांसातून गळलेल्या चरबीत खरपूस परतलेले बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, पावाच्या चुऱ्यात कांदा आणि सेज नावाचा सुगंधी पाला घालून केलेले सारण, दुधात पाव शिजवून केलेली चटणीवजा सॉस, पार्सनिप नावाचे पांढऱ्या गाजरासारखे कंद, गाजरे, कोबी, आणि ह्या सर्वांवर मैद्याने दाट केलेली ग्रेव्ही. मांस हा यजमान खरा. पण ताटात जागा कोणी किती अडवली हे मोजले, तर घर पाहुण्यांनीच भरलेले दिसेल.

ही तोंडीलावणी केवळ चवीसाठी आली नाहीत. मांस महाग होते आणि खाणारी तोंडे अनेक होती, म्हणून ती आली. यॉर्कशायर पुडिंगचेच पाहा. मैदा, अंडी आणि दूध ह्यांचे पातळ पीठ. ते विस्तवासमोर फिरणाऱ्या मांसाखाली पसरट भांड्यात ठेवायचे, म्हणजे गळणारी चरबी वाया न जाता त्यात पडे. १७३७ सालच्या एका इंग्रजी पाकपुस्तकात हा पदार्थ ‘गळतीचे पुडिंग’ अशा अर्थाच्या नावाने येतो. दहा वर्षांनी, १७४७ साली, हॅना ग्लास ह्या बाईंच्या सुप्रसिद्ध पुस्तकात त्याला यॉर्कशायरचे नाव मिळाले. उत्तर इंग्लंडात ते मांसाबरोबर वाढत नसत, मांसाच्या आधी वाढत. ग्रेव्हीत बुडवलेले भले मोठे पुडिंग पोटात गेले, की मग मांसाचा तुकडा लहान आला तरी कोणी कुरकुर करत नसे. जो पुडिंग अधिक खाईल त्याला मांस अधिक मिळेल, असे मुलांना सांगण्याची पद्धत होती. ज्या गृहिणीने ही युक्ती प्रथम काढली तिचे नाव इतिहासाला माहीत नाही. मला ती ओळखीची वाटते. पाहुणे वाढले की कालवणात बटाटे वाढवणारी आपल्या घरांतील आजी तिचीच बहीण.

ज्यांच्या घरी भट्टी नव्हती, ते आपले रविवारचे जेवण पाववाल्याच्या भट्टीत भाजायला नेत. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेत गल्लीबोळांतून अशी ताटे घेऊन निघालेली गरीब माणसे भेटतात. सब्बाथचे पावित्र्य राखण्यासाठी ही दुकाने रविवारी बंद ठेवावीत, अशी मागणी त्या काळी काही धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट मंडळी करत होती. तसे झाले असते, तर आठवड्यातले एकमेव ऊन जेवण ह्या माणसांच्या तोंडून गेले असते. डिकन्सने त्याच कथेत ह्या मागणीचा चांगला समाचार घेतला आहे. बॉब क्रॅचिटच्या घरचे हंसाचे रोस्टही असेच पाववाल्याकडून भाजून येते. घरात इतकी माणसे आणि हंस एकच! पण थोरला मुलगा बटाटे कुस्करून ठेवतो, सफरचंदाची चटणी होते, आणि ह्या दोहोंची जोड मिळाल्यामुळे तो हंस सर्वांना पुरतो. त्या घरात कुस्करलेल्या बटाट्याला तोंडीलावणे म्हणणे हे केवळ शिष्टाचाराला धरून झाले. जेवण होते ते बटाट्याचेच.

हा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांतला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. १५९७ साली जॉन जेरार्ड ह्या इंग्रज वनस्पतिज्ञाने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभीच्या चित्रात तो हातात बटाट्याचे फूल धरून उभा आहे. इतकी त्याची अपूर्वाई होती. तोवर युरोपच्या ताटात मांसाशेजारी सलगम, पार्सनिप, गाजर आणि कोबी ह्यांची वस्ती होती. बटाट्याने हळूहळू त्यांना कडेला सारले. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. उत्तर भारतात ज्याला आलू म्हणतात, त्याला आपण बटाटा म्हणतो, कारण हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पाव हा शब्दही त्यांचाच. आणि कोबी? तोही पोर्तुगीज ‘कोव्ह’वरूनच. तेव्हा बटाट्याला ताटातून हलवून आज जी फुलकोबी त्याच्या जागी बसू पाहते, तिचे नावही आपल्या किनाऱ्यावर त्यांच्याच गलबतांतून उतरले.

आयर्लंडमध्ये तर बटाटा तोंडीलावणे राहिलाच नाही. तेथील कॅथलिक शेतमजुराच्या हाती उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दुसरे कोणतेही पीक कुटुंबाला पुरले नसते. धडधाकट पुरुष दिवसाला दहा-बारा पौंड बटाटे खात असे. त्या लोकांत एक कडवट विनोद प्रचलित होता. जेवणात काय, असे विचारले तर ‘बटाटा आणि रोख’ असे उत्तर मिळे. छताला टांगलेल्या एकुलत्या खारवलेल्या मासळीकडे किंवा मांसाच्या तुकड्याकडे बटाटा रोखायचा, आणि मग तो तसाच कोरडा खायचा. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगांनी मेली. जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. ह्यानंतर अठरा वर्षांच्या आत लंडनमध्ये एक सुखवस्तू गृहस्थ बटाटा सोडल्याने प्रकृती सुधारल्याची पुस्तिका लिहितो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत. तोंडीलावणे नाकारण्याची चैन त्यालाच परवडते, ज्याच्या ताटात मुख्य पदार्थ असतो.

चैन म्हटले खरे, पण ताटातला बटाटा ज्यांना निरुपायाने नाकारावा लागला, ती माणसे बँटिंगच्याही आधी होती. ती मधुमेहाची रुग्ण होती. इन्शुलिन सापडण्यापूर्वी ह्या रोगावर अन्नाखेरीज दुसरे शस्त्रच नव्हते. ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो ह्यांनी १७९७ साली मेरेडिथ नावाच्या कॅप्टनवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. न्याहारीला दूध व चुन्याची निवळी आणि पाव-लोणी. दुपारी केवळ रक्त आणि चरबी ह्यांचे पुडिंग. मुख्य जेवणाला शिळे, जरासे वास मारणारे मांस. पुडिंग हा शब्द त्यात आहे, पण पिठाचा कण नाही. मेरेडिथ सुधारला. परंतु रोलोंनी सांगितलेल्या पथ्यावर फार काळ टिकणे कोणाही सामान्य माणसाला अवघडच होते.

ह्यानंतर एक निराळा प्रयत्न सुरू झाला, आणि मला ह्या सर्व इतिहासात तोच अधिक मोलाचा वाटतो. रुग्णाला केवळ ‘हे खाऊ नका’ म्हणण्याऐवजी ‘ह्याच्यासारखे दिसणारे हे खा’ असे सांगणारे वैद्य पुढे आले. पॅरिसचे बूशार्दा ह्यांनी गव्हातील पिष्ट धुऊन काढून उरलेल्या चिकट भागाचा, म्हणजे ग्लुटेनचा, पाव करवला. लंडनचे डॉक्टर कॅम्पलिन हे स्वतःच मधुमेही. १८५८ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी कोंड्याच्या केकची कृती दिली. गव्हाचा कोंडा दोनदा उकळायचा, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहायचा, वाळवायचा आणि अगदी बारीक दळायचा, नाहीतर आतड्याला टोचतो. त्यात अंडी, लोणी, दूध आणि थोडे जायफळ किंवा आले घालून लहान साच्यांत भाजायचा. गाईज रुग्णालयाचे पेव्ही ह्यांनी बदामाच्या भुकटीची बिस्किटे सुचवली. बदामातली थोडीशी साखरही राहू नये म्हणून ती भुकटी आम्ल घातलेल्या पाण्याने धुण्याची त्यांची पद्धत होती. कॅम्पलिन आपल्या स्वयंपाकघरात कोंडा धूत उभे आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते. कुटुंबातील इतर माणसे पाव खात असताना आपल्या हातातही पावासारखे काहीतरी असावे, एवढीच त्यामागची इच्छा असणार.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडरिक ॲलन ह्यांनी हे पथ्य अखेरच्या टोकाला नेले. लघवीतून साखर जाणे थांबेपर्यंत उपास, आणि मग अगदी मोजके अन्न. फ्लॉवर, कोबी यांसारख्या भाज्या तीन वेळा उकळून प्रत्येक वेळी पाणी फेकून द्यायचे, म्हणजे त्यांतील उरलेसुरले पिष्टही निघून जावे. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांची रुग्ण. तिचे वडील चार्ल्स एव्हन्स ह्यूज पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. मुलगी अकरा वर्षांची असताना, १९१९ साली, रोग उघडकीस आला. तिच्या वाढदिवसाला केक म्हणून टोपी ठेवण्याचे खोके गुलाबी-पांढऱ्या कागदात गुंडाळून त्यावर मेणबत्त्या लावत. खाण्यासारखे त्यात काही नव्हते. फुंकर मारण्यापुरता तो केक होता. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला नेले, तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन ४५ पौंडांच्या आसपास, म्हणजे २० किलोच्या जवळपास होते. तेथे तिला नव्यानेच सापडलेले इन्शुलिन मिळाले. ते देणारे डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग! आपल्या लंडनच्या बँटिंगचे आडनाव येथे असे पुन्हा भेटते. आडनावापलीकडे त्यात मला काही शोधायचे नाही. एलिझाबेथने आईला लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पाव खायला मिळाल्याचा आनंद ओसंडून वाहतो. ती १९८१ सालापर्यंत जगली.

इन्शुलिनमुळे बटाटा मधुमेह्याच्या ताटात मापाने का होईना परत आला, आणि धुतलेला कोंडा विस्मृतीत गेला. दुसऱ्या महायुद्धात तर फासे अगदीच उलटे पडले. ब्रिटनमध्ये मांसावर नियंत्रण आले, तेव्हा सरकारचे अन्नखाते लोकांना बटाटे खाण्याचा आग्रह करू लागले. बटाटे व सफरचंदे थरावर थर रचून, त्यावर चीज आणि सेजचा पाला घालून भाजलेल्या पदार्थाला ‘नकली हंस’ म्हणत. क्रॅचिटच्या घरी बटाटा हंसाला हात देत होता. आता तो स्वतःच हंसाचे सोंग घेऊन ताटात बसला.

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असेल. १९७२ साली अमेरिकेचे डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स ह्यांचे पुस्तक निघाले आणि पिष्टवर्ज्य आहाराची लाट आली. ती ओसरली आणि शतक पालटताना पुन्हा आली. २००३ साली आर्थर ॲगॅटस्टन ह्या हृदयरोगतज्ज्ञांच्या ‘साऊथ बीच डाएट’ ह्या पुस्तकात कुस्करलेल्या बटाट्याऐवजी कुस्करलेला फ्लॉवर आला, आणि तेव्हापासून फ्लॉवर हा बटाट्याचा अधिकृत प्रतिनिधी झाला. हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात, फ्लॉवरमध्ये ५, सलगममध्ये ६. सेलेरियाक म्हणून सेलरीच्या जातीचा एक ओबडधोबड, नारळाएवढा कंद असतो, त्यात ९. पार्सनिप मात्र फसवा. दिसायला गाजरासारखा, पण पिष्ट आणि साखर मिळून बटाट्याच्या बरोबरीचा. बँटिंग ह्यांनी आपल्या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तींत बटाट्याबरोबर पार्सनिप, बीट, सलगम आणि गाजर ह्यांनाही बाहेर काढले होते. सलगमच्या बाबतीत हा थोडा अन्यायच झाला.

आजच्या इंग्रज गृहिणीने हे ताट कसे जमवले आहे, ते पाहण्यासारखे आहे. फ्लॉवर पाण्यात उकळला की पाणी पितो आणि त्याची पेज होते. म्हणून तो वाफवून, फडक्यात घट्ट पिळून, मग लोण्याबरोबर घोटतात. सेलेरियाकचे तुकडे मांसाच्या चरबीत भाजले की कडा तांबूस होतात, पण बटाट्यासारखे खुटखुटीत कवच येत नाही, कारण ते कवच पिष्टाचेच असते. पावाच्या सारणाऐवजी डुकराचे खिम्याचे मांस, कांदा, सेज आणि अक्रोडाचा चुरा. ग्रेव्हीला मैदा न लावता ती आटवायची किंवा शिजलेला कांदा वाटून दाट करायची. हे सर्व जमते. हट्टी निघते ते यॉर्कशायर पुडिंग. कडकडीत तापलेल्या चरबीत पीठ पडले, की त्यातील पाण्याची वाफ होते; अंडे आणि मैद्यातील ग्लुटेन ती वाफ फुग्यासारखी धरून ठेवतात आणि पिष्ट घट्ट होऊन भिंती उभ्या राहतात. बदामाच्या पिठाला ह्यातले काहीच येत नाही. अंड्याचे पांढरे जास्त घालून ते थोडे वर उचलता येते. बाहेर काढताच खाली बसते. पेव्हींच्या बिस्किटांनंतर दीडशेहून अधिक वर्षे गेली, तरी बदामाने हा हट्ट सोडलेला नाही.

ह्या आहाराचा गुण किती, ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. २०२१ साली ब्रिटनच्या शासकीय पोषण-सल्लागार समितीने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी ह्या विषयावरील संशोधन तपासले. पहिल्या काही महिन्यांत रक्तातील साखर अधिक खाली येते, पण वर्षभरानंतर तो फरक तसा राहत नाही, असे तिच्या अहवालात दिसते. जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता पाव-बटाटा एकदम सोडला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हे आपल्या वाचकांना स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कारण हा रोग आता परदेशातला राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे दहा कोटी दहा लाख मधुमेही आहेत. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरात एकही नाही, असे घर मला तरी चटकन आठवत नाही.

माझे वडील अखेरची अकरा वर्षे मधुमेही होते. नाताळच्या दुपारी आमच्याकडे डुकराच्या मांसाचे रोस्ट असे, आणि त्याच्याच चरबीत आई बटाट्याच्या जाड फोडी परतत असे. वडिलांना रोस्टचे दोन तुकडे चालत. बटाटा, पाव आणि भात नाही. त्यांच्यासाठी उकडलेली कोबी वेगळ्या बशीत येई. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त पुढे पुढे ते सगळ्यांच्या आधी एकटे जेवून घेऊ लागले. मला भूक लवकर लागते, असे सांगत. खरे कारण आम्हा मुलांना कळत होते आणि आम्ही त्यावर काही बोलत नव्हतो. तीच कोबी आमच्या बटाट्यांच्या शेजारी, त्याच चरबीत परतून, त्याच मोठ्या थाळ्यात ठेवावी, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

वास्तविक आपल्याला ते सुचायला हवे होते. कारण वर्ज्य पदार्थाची नक्कल करून पंगत राखण्याची ही विद्या डॉक्टरांनी शोधलेली नाही. ती त्यांच्या चारशे वर्षे आधी ख्रिस्तसभेच्या उपासांनी युरोपच्या स्वयंपाकघरांना शिकवली होती. मध्ययुगात प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. तेव्हा बदाम वाटून त्यांचे दूध काढत आणि त्यावर चाळीस दिवस निभावत. अर्थात हे श्रीमंतांचे झाले. बदाम दूरदेशाहून येत आणि महाग असत. गरिबाला वाटाणे आणि खारवलेले हेरिंग. आजही बदामाचे पीठ मैद्याच्या कितीतरी पट महाग पडते, तेव्हा त्या बाबतीत फारसे काही बदललेले नाही. बदलले आहे ते इतकेच, की प्रायश्चित्तकाळाच्या शेवटी पास्का येई आणि खरी अंडी ताटात परत येत. मधुमेह्याच्या पथ्याला पास्का नाही.

सुमारे १४३० सालच्या एका इंग्रजी हस्तलिखितात प्रायश्चित्तकाळातल्या अंड्यांची कृती दिलेली आहे. अंड्याला एका टोकाला भोक पाडून आतले सारे फुंकून बाहेर काढायचे आणि टरफल कोमट पाण्याने स्वच्छ धुवायचे. बदामाचे दाट दूध तापवून कापडावर ओतायचे, पाणी निथळू द्यायचे आणि उरलेला गोळा एकत्र करून त्यात भरपूर साखर घालायची. (बँटिंग ह्यांना हे अंडे काही चालले नसते.) अर्धा गोळा पांढरा ठेवायचा, उरलेल्यात केशर आणि दालचिनी मिसळून तो पिवळा करायचा. मग टरफलात तळाला पांढरा, मधोमध पिवळा, वर पुन्हा पांढरा. काठोकाठ भरू नये, नाहीतर उतू जाईल, अशी सूचना लिहिणाऱ्याने आठवणीने केली आहे. त्यानंतर ते अंडे विस्तवावर भाजायचे आणि वाढायचे.